पायाला अजून स्प्लेंडरच आठवते

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३२, राहणार वाई, नोकरी पाचगणीत. नऊ वर्षं वडिलांची स्प्लेंडर चालवली, कधी पडलो नाही. पाच आठवड्यांपूर्वी २०१६ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० सेकंडहँड घेतली. ४१ हजार किलोमीटर चाललेली आहे. आधीच्या मालकाने टी-हँडल (टी आकाराचं सरळ हँडल) आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवलेला. बाजारात, चौकात गाडी बंद पडते, कधी उडी मारून बंद पडते. पसरणी घाटात यू-वळणावर दोनदा जागेवर थांबली, मागे एसटी. एकदा सरळ रस्त्यावर मागचं चाक अचानक फरफटलं. गेल्या आठवड्यात घरासमोर वळवताना गाडी हातातून सुटून आडवी झाली, क्लचचं लिव्हर वाकलं. वडील म्हणतात, पनवती गाडी आहे, विकून टाक. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन खोलावं लागेल, वीस हजार धरा. दोष माझा की गाडीचा? विकू, इंजिनचं काम करू, की थांबू?

दोष माझा की गाडीचा, असं तुम्ही विचारलंय. तुम्ही सांगितलेल्या चार प्रसंगांपैकी तिनांत मला मुख्यतः एकच गोष्ट दिसते, आणि तिचा इंजिनशी संबंध नाही. स्प्लेंडरचे गिअर आणि क्लासिकचे गिअर एकमेकांच्या उलट पडतात.

स्प्लेंडरला चार गिअर, सगळे पुढे. पंजाने दाबत गेलं की पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. टाचेने दाबलं की एकेक उतरत शेवटी न्यूट्रल. क्लासिकला पाच गिअर, पहिला खाली आणि बाकीचे चार वर. इथे पंजाने दाबलं की गिअर उतरतो, टाचेने दाबलं की चढतो. न्यूट्रल टोकाला नाही, पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये आहे.

आता तुमचे प्रसंग या हिशेबाने पाहा. पसरणीच्या चढावर तिसऱ्यात येताय, वळण आलं, दुसरा हवा. नऊ वर्षांच्या सवयीने टाच दाबली गेली आणि गाडी चौथ्यात गेली. पंधराच्या वेगाला, चढावर, चौथ्या गिअरमध्ये कुठलंही ३५० चं इंजिन गुदमरणारच. सरळ रस्त्यावर उलटं झालं असणार: तिसऱ्यात पन्नासला होतात, चौथा टाकायला पंजा दाबला, दुसरा पडला, क्लच सोडल्याबरोबर इंजिनने मागचं चाक धरून ठेवलं आणि चाक फरफटलं. चौकातल्या बंद पडण्याचे दोन प्रकार तुम्ही स्वतःच लिहिलेत. उडी मारून बंद पडते तेव्हा पंजाने शेवटपर्यंत दाबून ‘आता न्यूट्रल’ असं धरून क्लच सोडलेला असतो, पण शेवटी असतो पहिला. उडी न मारता नुसती गुदमरते तेव्हा टाचेने दाबत दाबत तुम्ही बहुधा चौथ्या-पाचव्यात पोहोचलेले असता. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच सेल्फ मारू नका. क्लच धरा आणि पंजाने मोजत खाली या. किती वेळा खटका बसला त्यावरून गाडी कुठल्या गिअरमध्ये होती ते कळेल. आठवडाभर हे मोजून लिहून ठेवा. इंजिन खोलायचं की नाही, याचं अर्धं उत्तर त्या कागदावर असेल.

गिअरची ही रचना तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असणार, यात शंका नाही. पण मागे एसटी हॉर्न देत असते तेव्हा पाय डोक्याला विचारून हलत नाही. नऊ वर्षं न पडता गाडी चालवलेल्या माणसाचा पाय तर जास्तच पक्का बसलेला असतो. म्हणून ‘मला जमत नाही’ हे वाक्य मी तुमच्या पत्रातून आधी काढून टाकेन.

उपाय साधा आहे, पण महिनाभर नेटाने करावा लागेल. टाच विसरा. गिअरच्या मागच्या पट्टीला पाय लावायचाच नाही. उतरवायचा तर पंजाने दाबा, चढवायचा तर पंजा लिव्हरखाली घालून वर उचला. पंजाने उचलण्याची सवय तुम्हाला स्प्लेंडरवर फारशी नसणार, त्यामुळे जुनी खूण मध्ये येत नाही. यासाठी बूट हवेत, चपलेत पायाची बोटं सोलवटतील. बुटाचा पुढचा भाग लिव्हरखाली अडकत असेल तर मेकॅनिककडून लिव्हर शाफ्टवरून काढून एक दात वर बसवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. पाय फूटरेस्टवर टेकलेला असताना पंजा सहज खाली सरकला पाहिजे.

न्यूट्रलसाठी गाडी पूर्ण थांबायची वाट पाहू नका. चाक हळू फिरत असतानाच दुसऱ्या गिअरवरून अर्धा, हलका दाब द्या. हिरवा दिवा लागला तरी क्लच सावकाश सोडा. वीस-तीस सेकंदांचा थांबा असेल तर पहिला टाकून क्लच धरून उभं राहणंच बरं. आणखी एक गोष्ट, कदाचित घरात नाराजी होईल अशी: महिनाभर वडिलांची स्प्लेंडर अजिबात चालवू नका, अगदी दूध आणायलासुद्धा नाही. सकाळी एक गाडी आणि संध्याकाळी दुसरी चालवली तर दोन्ही सवयी कच्च्या राहतात.

याचा अर्थ गाडी निर्दोष आहे असा नाही. सेकंडहँड गाडी आधीच्या मालकाच्या हाताच्या लांबीवर, त्याच्या उंचीवर आणि त्याच्या आळसावर बेतलेली असते. तुमच्याकडे आल्यावर ती आधी कंपनीच्या मापावर आणायची आणि मगच तिच्याबद्दल मत बनवायचं. इंजिनचं काम त्यानंतर.

सुरुवात क्लचपासून करा. वाकलेलं लिव्हर ठोकून सरळ करू नका, तडा जाऊन ऐन घाटात तुटेल. नवीन घाला, आणि सोबत क्लचची वायरही नवी घाला. लिव्हर दाबताना सुरुवातीला २ ते ३ मिलिमीटर मोकळं असलं पाहिजे. त्याहून जास्त ढिलं असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, इंजिन गरम झालं की न्यूट्रल सापडत नाही आणि पहिल्यात क्लच धरूनही गाडी पुढे सरकते. अजिबात ढील नसेल तर क्लच घसरतो आणि प्लेटा जळतात. नंतर टी-हँडलची एक परीक्षा घ्या. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. हँडल डावीकडून उजवीकडे टोकापर्यंत फिरवा. फिरवताना इंजिनची रेस आपोआप वाढली किंवा क्लचची ढील बदलली, तर वायरी कुठेतरी ताणल्या जाताहेत. आधीच्या मालकाने हँडल बदललं की असं बरेचदा होतं. माझं मत विचाराल तर मूळ हँडल परत बसवा. कमी वेगात वळवताना कोपर सैल राहायला हवेत. टी-हँडलवर बहुतेकांचे हात ताणलेले राहतात.

बंद पडण्यामागे गाडीचा वाटा असेल तर तो आयडलिंगमध्ये, म्हणजे ॲक्सिलेटर न देता इंजिन चालू राहण्यात, सापडेल. २०१६ च्या क्लासिकला कार्बोरेटर आहे. सकाळी चोक देऊन चालू करा, अर्ध्या-एक मिनिटाने चोक हळूहळू काढा. दहा मिनिटं चालवून इंजिन गरम झाल्यावर आयडलचा स्क्रू असा लावा की गाडी एकसारखी धडधडत राहील, दम लागल्यासारखी अडखळणार नाही. थंड इंजिनवर हा स्क्रू फिरवून उपयोग नाही. एअर फिल्टर उघडून पाहा. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला भेगा आहेत का पाहा. तिथून हवा आत शिरली की आयडल कधीच ठरत नाही. इंजिन चालू असताना त्या रबरावर थोडं पाणी शिंपडा, आवाज बदलला तर रबर गेलं. सायलेन्सरही इथेच येतो. मोकळा सायलेन्सर लावून कार्बोरेटर तसाच ठेवला की पेट्रोल-हवेचं मिश्रण बिघडतं, ॲक्सिलेटर सोडल्यावर फटाके वाजतात आणि खालचा ओढा कमी होतो. घाटाच्या वळणावर नेमका तोच लागतो. शिवाय मोटार वाहन कायद्याखाली दंड होतो तो वेगळा. मूळ सायलेन्सर आधीच्या मालकाच्या माळ्यावर पडलेला असू शकतो, आधी त्यालाच फोन करा.

इंजिन खोलण्याबद्दल. वीस हजारांचं काम सांगणाऱ्याला कारण विचारा. ‘आवाज येतोय’ हे कारण पुरेसं नाही. या इंजिनाला टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे आहेत, ते हाताने लावायचे नसतात. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी काही सेकंद टकटक होते ती ऑइल वर चढेपर्यंतची असते. गरम झाल्यावरही टकटक सुरूच राहिली तर आधी ऑइल पाहा. डबल स्टँडवर दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटांनी उजव्या बाजूच्या काचेच्या खिडकीत पातळी दोन खुणांमध्ये आहे का बघा. आधीच्या मालकाने ऑइल केव्हा बदललं याचा पुरावा नसेल तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही आत्ताच बदला. १५डब्ल्यू५० घ्या, आणि डब्यावर जासो एमए लिहिलेलं असू द्या. या गाडीत इंजिन आणि क्लच एकाच ऑइलमध्ये असतात, मोटारीचं ऑइल घातलं तर क्लच घसरतो. निघालेलं जुनं ऑइल पांढऱ्या डब्यात घेऊन उन्हात पाहा. काळं असणं स्वाभाविक आहे. चमकणारे कण किंवा कपच्या दिसल्या तर मात्र गॅरेजवाल्याचं म्हणणं गंभीरपणे घ्या. रेस दिल्यावर निळसर धूर येतो का, आणि १००० किलोमीटरमध्ये खिडकीतली पातळी किती खाली जाते, हेही पाहा. या सगळ्यानंतर शंका राहिलीच तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. हे तीन-चार पुरावे हातात आल्याशिवाय ४१ हजार चाललेलं इंजिन उघडू नका. नीट चाललेलं इंजिन विनाकारण उघडलं की पुन्हा तसंच बसेल याची खात्री नसते.

आता घरासमोर गाडी पडली त्याबद्दल. तुम्ही पत्रात हा प्रसंग सगळ्यात लाजून लिहिलाय, पण सेकंडहँड क्लासिक घेणारे बरेच जण पहिल्या महिन्यात असेच पडतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक धरला. स्प्लेंडर ११० किलोच्या आसपास, पुढे ड्रम ब्रेक, चूक झाली तरी पाय टेकवून सावरता येते. क्लासिक सुमारे १९० किलो, पुढे डिस्क. हँडल वळलेलं असताना डिस्क धरली की चाक जागेवर थांबतं, सगळं वजन आतल्या बाजूला पडतं आणि ते कुणालाच पेलवत नाही. चालण्याच्या वेगात वळताना पुढच्या ब्रेकवर बोटंच ठेवू नका. फक्त मागचा ब्रेक आणि हाफ क्लच. गाडी थांबवायची तर आधी हँडल सरळ करा, मग थांबा.

तरी दोन गोष्टी गाडीच्या तपासा. टायरची हवा: एकट्यासाठी पुढे २० आणि मागे ३०, दोघं असतील तर २२ आणि ३२. पंपावर न सांगता भरली तर पुढे सर्रास ३५ भरतात, त्याने गाडीचा पुढचा भाग उड्या मारतो आणि पकड कमी होते. मीटर स्वतः पाहा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. टायर कंपनीचाच, म्हणजे गाडीच्याच वयाचा निघाला, तर नक्षी शिल्लक असली तरी पावसाळ्याआधी बदला. रबर कडक झालेलं असतं. दुसरी गोष्ट हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. डबल स्टँडवर पुढचं चाक उचलून धरा आणि हँडल एका बोटाने फिरवा. मधोमध खड्ड्यात बसल्यासारखं अडत असेल तर कोनसेट गेलाय. कमी वेगात हँडल त्या खड्ड्यात पडत राहतं, गाडी सरळ चालवायलाही कसरत होते आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो.

पुन्हा पडलीच तर घाई करू नका. किल स्विच, मग पेट्रोलचा कॉक बंद. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करून सीटला टेका, एका हातात खालचं हँडल, दुसऱ्यात मागची पट्टी, आणि पाठ ताठ ठेवून पायांनी मागे रेटत जा. कमरेतून वाकून उचलायला गेलात तर गाडी दुरुस्त होईल, मणका होणार नाही. कॉकचं निघालंच म्हणून सांगते, तो आत्ता कुठल्या खुणेवर आहे ते आज पाहा. आधीच्या मालकाने रिझर्व्हवर सोडलेला असेल, तर पेट्रोल संपताना सूचना न मिळता गाडी थेट थांबेल.

सरावाला दोन रविवार द्या. सकाळी सातच्या आत एखादं रिकामं मैदान किंवा मोठं पटांगण गाठा. आधी पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलेटरला हात न लावता, फक्त क्लच हळू सोडत गाडी कुठे ओढायला लागते ते शोधा. या इंजिनाला खालचा ओढा भरपूर आहे, सपाटीवर रेस न देता ते गाडी पुढे नेतं. ती जागा बोटांना कळली की वीस मीटर अंतर शक्य तितक्या हळू कापा. दहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर उत्तम. मग पाण्याच्या दोन बाटल्या दहा मीटरवर ठेवून आठचा आकडा काढा, आणि हळूहळू बाटल्या जवळ आणा. नजर पुढच्या चाकावर टाकू नका, जिथे जायचंय तिकडे मान वळवा. शेवटी ब्रेक. तुमच्या गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) नाही. तीसच्या वेगाने, सरळ रेषेत, पुढचा ब्रेक झटक्यात न धरता वाढत्या दाबाने पिळा, सोबत मागचा हलका. चाक अडकलं की लगेच सोडून पुन्हा पिळा. जमलं की चाळीसने करा. त्याआधी पुढच्या ब्रेकच्या डबीतलं ऑइल पाहा. तपकिरी झालं असेल तर बदला, कुठलं घालायचं ते झाकणावर लिहिलेलं असतं.

घाटासाठी वेगळं सांगायला हवं, कारण तुम्ही रोज जाता. गिअर वळणात बदलायचा नाही, वळणाच्या वीस-पंचवीस मीटर आधीच दुसरा टाकून ठेवायचा आणि वळण संपेपर्यंत पाय गिअरपासून लांब. संध्याकाळी उतरताना क्लच धरून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची सवय असेल तर ती आजच बंद करा. एवढ्या वजनाला मागचा ड्रम सतत दाबून ठेवला की तो तापतो आणि खाली वाईजवळ येईपर्यंत ब्रेक पोकळ लागायला लागतो. तिसऱ्यात उतरा, वळणाला दुसऱ्यात, इंजिनालाच गाडी अडवू द्या. सपाटीवर मात्र उलट चूक होते: स्प्लेंडरच्या सवयीने लोक लवकर टॉपला जातात. पाचवा ५५-६० च्या वर टाका. चाळीसला पाचव्यात ओढलं की आतून ठोकल्यासारखा आवाज येतो, तो इंजिन खराब असल्याचा आवाज नसतो.

पत्नीला मागे बसवण्याआधी एकट्याने किमान ५०० किलोमीटर करा, तुमच्या रोजच्या अंतराने ते महिन्याभरात होतील. मग मागचे दोन्ही शॉकअप सारख्याच खाचेवर एक-दोन पायऱ्या कडक करा आणि त्या बसताना-उतरताना दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक धरलेला, हँडल सरळ.

कागदांचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून काळजी वाटते. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी तुमच्या नावावर करण्याची मुदत खरेदीपासून ३० दिवस आहे, म्हणजे तुमची उलटून गेली. या आठवड्यात साताऱ्याच्या आरटीओचं काम हातात घ्या. कर्जावरची गाडी असेल तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत आणि फॉर्म ३५ सुद्धा लागेल. विमा कंपनीला १४ दिवसांत कळवायचं असतं, तेही राहिलं असेल तर आजच कळवा. विमा जुन्या मालकाच्या नावावर राहिला तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळताना अडचण येते. त्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागेल. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही पाहा.

राहिला वडिलांचा प्रश्न. त्यांना गाडी नको आहे असं मला वाटत नाही, मुलगा घरासमोर पडलेला त्यांनी पाहिलाय. त्यांच्याशी पनवतीवर वाद घालू नका. गिअर मोजलेला तो कागद दाखवा. नऊ वर्षं तुम्ही चालवलेली स्प्लेंडर त्यांची आहे, त्यामुळे टाच कुठे गेली असेल हे त्यांना लगेच कळेल.

सहा आठवडे आणि साधारण ८०० किलोमीटर, एवढी मुदत गाडीला आणि स्वतःला द्या. त्यानंतरही चढावर पाय टेकवताना पोटात गोळा येत असेल, किंवा डबल स्टँडवर घेताना रोज कुणाची मदत लागत असेल, तर विकणं हा चांगला निर्णय आहे. रोज घाट चढणाऱ्या माणसाला १९० किलो नको वाटणं यात कमीपणा नाही, सव्वाशे-दीडशे सीसीच्या हलक्या गाड्या ते काम उत्तम करतात. तेव्हा मूळ हँडल, मूळ सायलेन्सर आणि केलेल्या कामांच्या पावत्या यांच्यासकट विका, भाव बरा येईल. आणि घेणारा स्प्लेंडरवरून येत असेल तर किल्ली देण्याआधी त्याला गिअरची उलटी दिशा दाखवा, उभ्या गाडीवर, दहा वेळा.